कोटामुक्त बाजारपेठ, तंत्रज्ञान आणि तिरुपूरचा धडा

जागतिक वस्त्रव्यापारातील कोटापद्धतीचे पर्व १ जानेवारी २००५ रोजी संपुष्टात आले. १९७४ च्या मल्टी-फायबर करारानुसार विकसित देश निर्यातदार देशांसाठी कापड व कपड्यांच्या आयातीची मर्यादा ठरवीत असत. जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेनंतर, १९९५ पासून, हे निर्बंध १६, १७, १८ आणि ४९ टक्के अशा चार टप्प्यांत दूर झाले. अखेरचा टप्पा सर्वांत मोठा असल्याने स्पर्धेचा खरा ताण २००५ नंतरच जाणवला. कोटा ही मर्यादा होती, तशीच ती ठरावीक बाजारपेठेची हमीही होती. ही हमी गेल्यावर किंमत, दर्जा आणि वेळेवर पुरवठा हेच निकष उरले.

या पार्श्वभूमीवर तमिळनाडूतील तिरुपूर या होजिअरी केंद्राचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे. तेथे कापड विणणे, रंगविणे, छपाई, कटिंग आणि शिलाई ही कामे बहुधा वेगवेगळ्या लहान घटकांत जॉबवर्क पद्धतीने होतात. यामुळे थोड्या भांडवलात व्यवसाय उभा राहतो. परंतु एका टप्प्यावरील दिरंगाई संपूर्ण मागणी अडवून ठेवते.

तंत्रज्ञानाचा उपयोग

कपड्याच्या उत्पादनखर्चात कापडाचा वाटा सर्वाधिक असतो. संगणकावर कपड्याच्या भागांची मांडणी केल्यास कटिंगमध्ये वाया जाणारे कापड कमी होते आणि एका मापाच्या नमुन्यावरून इतर मापे त्वरित तयार होतात. लहान आकाराच्या व वारंवार बदलणाऱ्या मागण्यांसाठी हे विशेष उपयुक्त ठरते. शिलाई विभागात प्रत्येक टप्प्यावरील कामाची संगणकीय नोंद ठेवल्यास काम कोठे तुंबले आहे ते त्याच दिवशी समजते. मात्र कापड लवचीक असल्याने ते हाताळण्याचे काम यंत्राला अवघड जाते. म्हणूनच शिलाई आजही मुख्यतः कामगारांच्या, त्यातही मोठ्या प्रमाणावर महिलांच्या, कौशल्यावर अवलंबून आहे.

पर्यावरणाची कसोटी

रंगाईच्या सांडपाण्याने नोय्यल नदी प्रदूषित झाली. शून्य द्रवनिःसारणाची अट न पाळणारे रंगाई घटक बंद करण्याचा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये दिला आणि शेकडो घटकांचे काम थांबले. रिव्हर्स ऑस्मोसिस व बाष्पीभवन यांच्या साह्याने सांडपाण्यातील पाणी आणि क्षार परत मिळवून पुन्हा वापरता येतात. परंतु हा खर्च लहान घटकाला एकट्याने पेलणारा नव्हता. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांमुळेच हे तंत्रज्ञान त्यांच्या आवाक्यात आले.

शासनाची भूमिका

१ एप्रिल १९९९ पासून तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेने यंत्रसामग्रीच्या कर्जावरील व्याजाचा भार हलका केला. २०१६ ते २०२२ या काळातील सुधारित योजनेत व्याजाऐवजी भांडवली अनुदानावर भर होता. तयार कपड्यांसाठी ते १५ टक्के होते. ‘समर्थ’ योजना वस्त्रोद्योगातील कौशल्यप्रशिक्षणासाठी आहे. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या पीएम मित्र योजनेतील सात उद्यानांपैकी एक महाराष्ट्रात अमरावती येथे आहे. सामाईक सुविधा हाच या उद्यानांचा गाभा आहे.

निष्कर्ष

यंत्रखरेदी म्हणजे आधुनिकीकरण नव्हे, हा तिरुपूरचा धडा आहे. सुलभ कर्ज, सामाईक सुविधा आणि कामगारांचे प्रशिक्षण यांची जोड मिळाली, तरच तंत्रज्ञान लहान उत्पादकाला बदलत्या बाजारपेठेत तारून नेऊ शकते. अन्यथा त्याचा लाभ मोजक्या मोठ्या घटकांपुरता मर्यादित राहण्याचा धोका आहे.