दिवा लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस

परवा फोनवर बोलता बोलता तू सहज म्हणालीस, "ताई, गाडीतला तो लाल दिवा आता लागतच नाही, कटकट गेली." आई शेजारी बसली होती म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. पण रात्री डोळ्याला डोळा लागेना. तू रोज पहाटे उठून एकटी जिंतूरच्या रस्त्याला शाळेत जातेस, हेच डोक्यात फिरत राहिलं. म्हणून आज निवांत सांगते.

अगं, किल्ली फिरवल्यावर गाडी सुरू करण्याआधी क्षणभर थांबायचं असतं. तेव्हा मीटरमधले लाल दिवे लागायलाच हवेत. तेलाच्या किटलीचा, बॅटरीचा, हँडब्रेक ओढला असेल तर त्याचा. इंजिन सुरू झालं की तेलाचा आणि बॅटरीचा विझला पाहिजे. आधी लागला आणि मग विझला, तरच तो दिवा जागा आहे असं समज. तुझा तेलाचा दिवा मुळातच काळा राहतोय. म्हणजे उद्या खरंच तेलाचा दाब पडला, तरी तुला कळणार नाही. सगळं ठीक असलं तरी तो काळा, आणि इंजिन आतून घासत असलं तरी काळाच. तेल पोहोचलं नाही की लोखंड लोखंडावर फिरतं आणि इंजिन सीझ होतं. दुरुस्त झाल्यावर पुढे कधी चालत्या गाडीत हा दिवा लागला, तर पुढचं गाव येऊ दे असं म्हणायचं नाही. कडेला घ्यायची आणि इंजिन लगेच बंद करायचं.

मला हे कुणी शिकवलं नव्हतं. आपली जुनी मारुती ८०० आठवते ना? तिच्या बॅटरीचा दिवा उडाला होता आणि मी महिनाभर तशीच चालवली. एकदा आईला घेऊन गंगाखेडला जनाबाईच्या दर्शनाला गेले. परतताना अंधार पडला. पोखर्णीच्या अलीकडे हेडलाइट पिवळे पडत पडत विझायला आले. उसाचा हंगाम, समोर ट्रॉली, तिला मागे ना दिवा ना रेडियम. ब्रेक लागला म्हणून आज हे सांगतेय. आई एक शब्द बोलली नाही, नुसता माझा दंड धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं दाखवलं, की जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरला जागं व्हायला लागणारा सुरुवातीचा करंट त्या इवल्याशा बल्बमधूनच जातो. बल्ब उडाला की चार्जिंग सुरूच होत नाही, किंवा इंजिन जोरात फिरवल्यावर कुठे उशिरा सुरू होतं. आम्ही सगळा रस्ता बॅटरीत शिल्लक असलेल्यावर आलो होतो.

तुझीही ८०० च, आणि जुनी घेतलेली आहे, म्हणून आणखी एक शंका मनात ठेव. बल्ब उडालाय, की कुणी काढून ठेवलाय? गाडीत दोष असेल तर तो दिवा सतत लागून राहतो, आणि विकणारा कधी कधी दोष काढण्याऐवजी बल्बच काढतो. मागच्या मालकावर आळ घेत नाही मी, पण मीटर उघडल्यावर जागा रिकामी दिसली तर नवा बल्ब लावून मोकळी होऊ नकोस, थेट मिस्त्रीकडे जा.

आता काम. रविवारी सकाळी कर, ऊन कोवळं असताना. परभणीच्या थंडीत भल्या पहाटे करू नकोस, जुनं प्लास्टिक गारठलेलं असतं आणि अडकणीचे कान पटकन तुटतात. उन्हाळ्यात दुपारी तर गाडीत बसवणारच नाही.

दुकानात जाऊन "८०० चा मीटर बल्ब द्या" असं सांग. १२ व्होल्टचा, खाली पितळेची टोपी नसलेला, काचेच्याच चपट्या बुडाचा छोटा बल्ब असतो. जुना नेऊन दाखवलास तर उत्तम. दोन-चार जास्तच घे, कारण एक उडाला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे. आणि जितक्या वॅटचा होता तितक्याच वॅटचा घे. जास्त उजेड पडावा म्हणून मोठा लावलास तर आतलं प्लास्टिक वितळतं.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर १० नंबरच्या पान्यानं सोडव. हे विसरायचं नाही, नाहीतर पेचकस कुठेतरी टेकतो आणि फ्यूज जातो. मग मीटरवरच्या काळ्या झाकणाचे स्क्रू, त्यानंतर मीटरचे. स्क्रू कुठला कुठून निघाला त्याचा मोबाइलवर फोटो काढ आणि ते वाटीत ठेव. मीटर हळूच पुढे ओढ, झटका देऊ नकोस, मागून किलोमीटरची केबल अडकलेली असते. तिच्या टोकाची प्लास्टिकची जीभ दाबली की ती सुटते. वायरींचे कपलरही तसेच जीभ दाबून काढायचे, वायर धरून ओढायचे नाहीत.

मीटर उलटं केलंस की पातळ प्लास्टिकचा एक पापुद्रा दिसेल, त्यावर तांब्याच्या रेषा, आणि जागोजागी रुपयाहून लहान गोल बुचं. तेच बल्बचे होल्डर. बोटानं पाव फेरा डावीकडे फिरवला की होल्डर बाहेर येतो, आणि बल्ब सरळ ओढून निघतो. उजेडात धरून बघ. काच काळवंडली असेल किंवा आतली तार तुटलेली दिसली, तर तोच तुझा गुन्हेगार. आपल्या रस्त्यांचे हादरे खाऊन ती तार शेवटी तुटतेच. होल्डर जिथे टेकतो ती तांब्याची जागा काळी पडली असेल तर शाळेतल्या खोडरबरानं हलकेच पूस. पॉलिशपेपर लावू नकोस, तो पापुद्रा फाटला तर मीटरच बदलावं लागेल. काट्यांना आणि किलोमीटरच्या आकड्यांना हात लावायचा नाही.

नवा बल्ब बसव, कपलर लाव, बॅटरी जोड, आणि झाकण लावण्याआधी किल्ली फिरवून बघ. लागला तर मग स्क्रू. नाहीच लागला तर शेजारच्या चालू होल्डरमधला बल्ब त्यात घालून बघ. तरीही अंधार असेल तर खोट इंजिनावरच्या स्विचमध्ये किंवा वायरीत आहे, तिथे तू थांब आणि इलेक्ट्रिशियनला बोलाव.

एलईडी लावू का म्हणून विचारशील. मीटरच्या उजेडासाठी लाव, पण त्याला उलटसुलट असतं, पेटला नाही तर फिरवून बसव. बॅटरीच्या दिव्याला मात्र साधाच बल्ब ठेव, एलईडीतून पुरेसा करंट जात नाही आणि माझ्यासारखी गत होईल. इंडिकेटरचा हिरवा बाण नेहमीपेक्षा घाईघाईनं टिकटिकायला लागला तर मीटर उघडू नकोस, त्या बाजूचा बाहेरचा बल्ब गेलाय.

तुझ्या मैत्रिणींना सांगशील तेव्हा एवढं जपून सांग. हे सगळं जुन्या गाड्यांचं आहे. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्येच थांबलं. आताच्या पुष्कळ गाड्यांत मीटरचे दिवे पट्टीवरच डाग देऊन पक्के केलेले असतात, ते घरी बदलता येत नाहीत. १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत ड्रायव्हरसमोर एअरबॅग सक्तीची आहे. स्टीअरिंगवर एअरबॅग असं लिहिलेलं असेल किंवा डॅशबोर्डखाली पिवळ्या वेष्टणाच्या वायरी दिसल्या, तर तिथे घरच्या पेचकसाचं काम नाही.

बल्ब रविवारी बदलशील, पण तोवर रोज सकाळी निघण्याआधी बॉनेट उघडून तेलाची पट्टी बघ. कपड्यानं पुसून परत घालायची, आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते पाहायचं. आणि आज शाळेतून आलीस की किल्ली नुसती फिरव, गाडी सुरू करू नकोस. कुठले दिवे लागले, कुठले नाही, ते मोज आणि मला फोन कर. मी वाट बघते.