सवडीची वाट पाहू नकोस

पोरी, तुझा फोन आला की हेच ऐकू येतं, "आजी, जरा सवड मिळू दे, मग बसते देवापुढे निवांत." सकाळी मुलाचा डबा, मग ऑफिस, रात्री पुन्हा लॅपटॉप. ही सवड आपोआप मिळायची नाही. म्हणून आमच्या पंढरपुरात पाहिलेल्या आणि मी पाळत आलेल्या चार गोष्टी लिहून पाठवते.

आपला देव विटेवर उभा आहे तो एका कामात गुंतलेल्या माणसासाठी. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. दारात देव आला तरी तो उठला नाही, वीट सरकवली आणि यावर थांब म्हणाला. देव रागावला नाही, कमरेवर हात ठेवून थांबला. कथा सगळ्यांना पाठ आहे, पण घरात कोणी वापरत नाही. सासूबाईंना औषध देताना "आज पूजा राहिली" म्हणून मनात कुढत असशील, तर आधी ते कुढणं थांबव. औषध नीट दे, दोन शब्द बोल. देव थांबतो.

वारीत कित्येकांना दर्शनाच्या रांगेत उभं राहायला वेळ नसतो. ते लांबून कळसाला हात जोडतात, नामदेव पायरीशी माथा टेकतात आणि परतीची एसटी धरतात. त्यांची वारी अपुरी राहिली असं इथं कोणी म्हणत नाही. घाईच्या दिवशी तूही असंच कर. पायात चप्पल घालण्याआधी देव्हाऱ्याकडे तोंड करून उभी राहा, डोळे मीट, नाव घे आणि नीघ. मात्र थांबायचं. चालता चालता नुसती मान लववलीस तर मन जागचं हलत नाही, ते ऑफिसातच असतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यात अरण आहे, सावता महाराजांचं गाव. मळ्यातलं काम हीच त्यांची पूजा, ते मळा सोडून पंढरीला आले नाहीत असं सांगतात. म्हणून आषाढात पांडुरंगाची पालखी इथून अरणला त्यांच्या भेटीला जाते. इकडे गोपाळपुरात जनाबाईचं जातं दाखवतात, तेही बघून ये. ही माणसं हातातल्या कामाला नाव जोडून मोकळी झाली. तू सगळ्या कामांना जोडायला जाऊ नकोस, चार दिवसांत सुटेल. एकच काम धर. कणीक मळणं धर. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. मूठ दाबली की विठ्ठल, मूठ उचलली की विठ्ठल. मोजायचं नाही. मध्येच ऑफिसातली कटकट आठवेल. आठवू दे, लक्षात आलं की पुन्हा मुठीवर ये, स्वतःला बोल लावू नकोस. महिनाभर झाला की दुसरं काम जोडावंसं तुझं तुलाच वाटेल.

रस्त्यात अडकलीस तरी हेच. आषाढीला दर्शनरांग पार गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. तासन् तास उभ्या राहिलेल्या बायका हरिपाठ म्हणतात, एकमेकींना पाणी देतात. सिग्नलला, लिफ्टपाशी हात फोनकडे जातो तो आवर. तेवढा वेळ तुझाच आहे.

आणि झोप मोडू नकोस. आषाढीच्या आधी इथं देवाचा पलंग काढतात. शेजारती बंद होते, देव अहोरात्र भक्तांसाठी उभा राहतो. पण त्या दिवसांत त्याच्या पाठीशी लोडही लावतात. वारी सरली की प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जावा म्हणून गरम पाण्यानं स्नान घालतात आणि पुन्हा पलंग मांडला जातो. देवाला आपण विसावा देतो, तर स्वतःला देताना अपराधी कशाला वाटून घ्यायचं? शेजारतीच्या वेळी फोनही झोपवत जा.

देवावर भरवसा ठेवणं मात्र सोपं नाही, तिथं मीही अजून शिकते आहे. मी एवढंच पाळते की काळजी देवाला नाव घेऊन, स्पष्ट आणि एकदाच सांगायची. रोज तेच गाऱ्हाणं घातलं की आपणच ती काळजी मोठी करत बसतो. सांगून झालं की आपल्या वाट्याचं काम त्याच दिवशी करायचं. शेतकरी वारीला निघतो तेव्हा पेरणी उरकून निघतो, उरली असेल तर घरच्यांवर सोपवून निघतो. पावसाचं तेवढं विठ्ठलावर सोडतो. साने गुरुजींचा देवावर केवढा विश्वास! पण देऊळ अस्पृश्यांना आपोआप उघडेल म्हणून ते बसून राहिले नाहीत. गावोगाव हिंडले, बोलले आणि १९४७ च्या मे महिन्यात इथं तनपुरे महाराजांच्या मठात प्राण पणाला लावून उपोषणाला बसले. तेव्हा दार उघडलं. विश्वास असा कामाला लागलेला असतो, हे मी तुला पुन्हा पुन्हा सांगेन.

यंदा जमलं तर ये, पण आषाढी-कार्तिकीच्या गर्दीत नको. वारी संपल्यावरचा एखादा साधा बुधवार धर, आदल्या रात्री मुक्कामाला ये आणि पहाटे माझ्याबरोबर काकडआरतीला चल.