ओहोटीचे पाहुणे आणि समुद्र गरुडाचे घरटे

कोकणचा किनारा पाहावयास येणारा प्रवासी बहुधा देवदर्शन, मासळीचे जेवण आणि सूर्यास्त एवढ्यावर तृप्त होऊन परततो. दापोली तालुक्यातील केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड या पट्ट्यात ऑक्टोबर ते मार्च या काळात त्याच वाळूवर आणखी एक वर्दळ चालू असते, ती त्याच्या दृष्टीस क्वचितच पडते. ती पाहण्यास दुर्बीण, वही आणि पंचांग एवढे साहित्य पुरेसे आहे.

पंचांग कशासाठी, असा प्रश्न पडेल. किनाऱ्यावरचे पाणपक्षी ओहोटीवर जगतात. पाणी हटले की उघड्या पडणाऱ्या ओल्या वाळूत व चिखलात त्यांचे अन्न असते. भरतीच्या वेळी ते कोठे तरी कोरड्या जागी थव्याने विसावतात. भरतीची वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, सव्वानऊला, पूर्ण ओहोटी. सकाळी सात ते दहा हा वेळ त्या दिवशी उत्तम. अष्टमीस मात्र ओहोटी भर दुपारी येते आणि तापलेल्या वाळूवरील हवेच्या थरथरीत पक्ष्यांचे रंग ओळखू येत नाहीत. हा हिशेब ढोबळ आहे, तरी सहलीची वेळ ठरविण्यास तो पुरतो.

खाडीच्या मुखाशी प्रथम लक्षात येतात ते चिखल्या. चार पावले धावावे, एकदम थांबावे, टिपावे आणि पुन्हा धावावे, ही त्यांची रीत. त्यांची चोच आखूड, डोळे मोठे. भक्ष्य ते नजरेने शोधतात. त्यांतील कित्येक लडाख व तिबेटच्या पठारावर अंडी घालून येथे हिवाळा काढण्यास आलेले असतात. तुतवार व टिलवे यांची चोच लांब. ती वाळूत खुपसून स्पर्शाने ते कृमी व लहान शिंपले हुडकतात. कोरल या पक्ष्याची खाली वाकलेली चोच तर १५ सेंटिमीटरपर्यंत भरते आणि खोल बिळातील खेकड्यापर्यंत पोहोचते. कालवफोड्या आपल्या बळकट तांबड्या चोचीने शिंपल्या उघडतो. एकाच चिखलात इतके पक्षी एकमेकांच्या वाट्याला न जाता पोट भरतात, त्याचे मर्म चोचींच्या या लांबीत आहे. नावे पाठ करण्यापूर्वी नवशिक्याने चोच आणि चाल यांचीच टिपणे करावीत. पिसांच्या रंगाने हिवाळ्यात अनुभवी निरीक्षकही फसतात.

थवा एकाएकी उठला, तर वर पाहावे. बहिरी ससाण्याची झेप हे त्याचे एक कारण. दुसरे कारण कित्येकदा निरुपद्रवी असते. समुद्र गरुड सहज वरून जातो, आणि तो प्रामुख्याने मासे व समुद्रसर्प यांवर जगत असूनही पक्षी मात्र विषाची परीक्षा पाहत नाहीत. या गरुडास काही ठिकाणी 'काकण' म्हणतात. डोके व पोट पांढरेशुभ्र, पाठ राखी, शेपटी आखूड व पाचरीसारखी. तरंगताना पंख इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे वर उचललेले. पंखांचा विस्तार सुमारे दोन मीटर. किनाऱ्यावर दिसणारी ब्राह्मणी घार तांबूस व बरीच लहान असते. मासे पकडणारी मोरघार हिवाळी पाहुणी आहे, ती येथे घरटे करीत नाही.

समुद्र गरुडाचे घरटे उंच आंब्यावर, वडावर किंवा सुरूवर असते. जोडी वर्षानुवर्षे तेच घरटे वापरते व दरवर्षी त्यावर नवी काटकी रचते, त्यामुळे ते भल्यामोठ्या माचीसारखे दिसते. झाडाखाली माशांची व समुद्रसर्पांची हाडे पडलेली आढळली, की घरटे ओळखले असे समजावे. बहुधा दोन अंडी. उबवण सुमारे सहा आठवडे. त्यापुढेही पिलू दोन महिन्यांहून अधिक काळ घरट्यात राहते.

हा काळ नाजूक होय. माणूस झाडाखाली रेंगाळला, की पक्षीण उठते. उघड्या अंड्यांवर ऊन पडते आणि कावळ्यांस संधी मिळते. म्हणून निरीक्षण दोनशे-अडीचशे पावलांवरून, आडोशाने करावे. पक्षी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागला, तर तेथून निघावे. छायाचित्र राहिले तरी चालेल. घरट्यावर ड्रोन नेणे तर सर्वथा वर्ज्य. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत या गरुडाचा समावेश आहे.

तथापि कायद्याने पक्षी वाचला तरी झाड वाचतेच असे नाही. घरट्याचा आंबा बहुधा खाजगी बागेत उभा असतो, आणि जुन्या, फळ न धरणाऱ्या झाडाच्या लाकडास दर मिळतो. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांत असंख्य झाडे उन्मळून पाडली. असा वृक्ष पुन्हा उभा राहण्यास दोन पिढ्या लागतात. ज्या गावी देवराई राखली गेली आहे, तेथे उंच झाडे अद्याप मिळतात. सहलीच्या वहीत घरट्याबरोबर झाडाची जात, ते कोणाच्या जागेत आहे व त्यावर पूर्वी घरटे होते काय, हे बागाईतदारास विचारून नोंदवावे. त्या चौकशीने कित्येकदा मालकासही आपल्या आंब्याचे हे दुसरे उत्पन्न प्रथमच कळते.

मार्चच्या सुमारास तपकिरी रंगाचे पिलू फांदीवर येऊन पंख झाडू लागते. त्याच सुमारास खाली वाळूवरील चिखल्यांच्या छातीवर तांबूस पट्टा उमटू लागतो. एप्रिल सरता सरता त्यांतील बहुतेक उत्तरेकडे निघून गेलेले असतात.