कल्पनेंतील घरफोडी : एका खेळाचा अभ्यास

कुलूप दिसलें कीं किल्ली आठवते, आणि भक्कम तिजोरी पाहिली कीं ती कशी उघडत असेल, हा विचार सज्जनाच्याहि मनांत क्षणभर डोकावतो. यांत पापबुद्धि असतेच असें नाहीं. कोडें पुढें आलें कीं तें सोडवावें, ही मनुष्यास जात्याच हौस आहे. कोणाचेंहि नुकसान न करितां, घरांत टेबलाभोवतीं बसून या हौसेस वाव देणारा एक खेळ गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेंत व इतर देशांत वाढीस लागला. त्या खेळांतील बेतपूर्वक चोरीचा जो प्रकार आहे, त्याचा थोडा अभ्यास प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. चोरीसारखा विषय शाळेच्या अंकांत कशाला, असें कित्येक पालकांस वाटेल. त्यांनीं लेख शेवटपर्यंत वाचावा व मग निर्णय द्यावा, एवढीच विनंति आहे.

या खेळांस आपण भूमिकाखेळ म्हणूं. चार-पांच गडी व एक सूत्रधार एकत्र बसतात. प्रत्येक गडी एका कल्पित पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, तर कोणी चोर. सूत्रधार प्रसंगाचें वर्णन करितो: "तुमच्यापुढें दहा हात उंच भिंत आहे. पलीकडे कुत्रा भुंकत आहे. आतां काय करितां?" गडी आपलें पात्र काय करील तें सांगतात, आणि जें साधेल कीं नाहीं असा संशय असेल त्याचा निकाल फांसा टाकून लागतो. नाटकांतील भाषणें आधीं लिहिलेलीं असतात. येथें तीं जागच्या जागीं सुचावीं लागतात. बुद्धिबळांत एक जिंकतो व दुसरा हरतो. येथें सर्व गडी एकाच बाजूचे असतात, आणि सूत्रधार हा पंचहि असतो व कथेकरीहि असतो.

या खेळाचें मूळ युद्धखेळांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं प्रशियांत लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं नकाशावर सोंगट्या मांडून लढाया खेळत असत. पुढें हा छंद सामान्य लोकांतहि पसरला. 1974 सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे 'भुयारें आणि अजस्र सर्प', या नांवाचा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपानें प्रसिद्ध केला. त्यांत सैन्यांच्या जागीं एकेक वीर आला. आरंभीं त्यांत योद्धा, मांत्रिक व धर्मोपदेशक अशीं तीनच प्रकारचीं पात्रें होतीं. 1975 सालीं निघालेल्या 'ग्रेहॉक' नांवाच्या पुरवणींत चोर हें पात्र आलें. कुलुपें उघडणें, सापळे निकामी करणें, भिंती चढणें, सावलींत लपणें व दारास कान लावून आंतील चाहूल घेणें, हीं त्याचीं कामें. 2000 सालच्या आवृत्तींत 'चोर' हें नांव जाऊन 'चलाख', 'लुच्चा' अशा अर्थाचें नांव आलें. कारण अशा पात्रानें चोरीच केली पाहिजे असें नाहीं, त्याचें खरें भांडवल चातुर्य होय.

हें पात्र कांहीं आकाशांतून पडलें नव्हतें. टोल्किन यांच्या 1937 सालच्या 'हॉबिट' या कथेंत तेरा बुटके आपलें गेलेलें धन अजस्र सर्पाच्या गुहेंतून परत मिळविण्यासाठीं एका शांत, घरबशा प्राण्यास 'घरफोड्या' म्हणून नेमतात. फ्रिट्झ लायबर यांच्या कथांतूनहि दोन साहसी चोर मित्र आढळतात. गायगॅक्स यांनीं 1979 सालीं आपल्या स्फूर्तिस्थानांची जी यादी छापली, तींत या दोन्ही लेखकांचीं नांवें आहेत.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. सामान्य साहसांत वीर भुयारांत शिरतात, राक्षसाशीं लढतात व धन घेऊन येतात. चोरीच्या साहसांत हें चालत नाहीं. पहारेकरी पुष्कळ, वेळ थोडा. एकानें शिंग फुंकलें कीं सर्व नगर जागें होतें. जेथें लढाई सुरू झाली तेथें बेत फसलाच म्हणावयाचा. म्हणून येथें तरवारीपेक्षां माहितीचें मोल अधिक. एक उदाहरण घेऊं. समजा, नदीकाठच्या एका नगरांत एका लोभी कारभाऱ्यानें धर्मशाळेचें दानपत्र बळकावून आपल्या वाड्यांतील तिजोरींत ठेवलें आहे. उत्सवाच्या रात्रीं तें पांच जणांनीं परत आणावयाचें आहे. या साहसाचे चार भाग पडतात: माहिती काढणें, आंत शिरणें, वस्तु मिळविणें व सुखरूप बाहेर पडणें. नवशिके गडी पहिल्या तीन भागांचा विचार करितात व चौथा विसरतात. तिजोरी उघडते, आणि मग एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी येते!

सूत्रधाराचें कौशल्य येथें पणास लागतें. त्यानें वाड्याचा नकाशा काढावा, पहाऱ्याच्या वेळा ठरवाव्या, आणि आंत जाण्याच्या निदान तीन वाटा ठेवाव्या: धान्याच्या गाड्या येतात तें मागील दार, शेजारच्या झाडावरून गच्ची, आणि आमंत्रण मिळवून उजळ माथ्यानें पुढचें दार. महत्त्वाची माहिती एकाच माणसाजवळ ठेवूं नये. स्वयंपाकी, गवंडी, नोकरीवरून काढलेला पहारेकरी, अशा तिघांपैकीं कोणाकडूनहि ती कळावी. नाहीं तर एक धागा तुटतांच गोष्ट थांबते. तिजोरीजवळ एखादें अनपेक्षित संकट अवश्य असावें. परंतु त्याची खूण आधीं कोठें तरी दिसलेली असावी. गड्यांच्या तोंडून "अरे, हें आपल्या ध्यानांत यावयास हवें होतें!" असे उद्गार निघाले, तर सूत्रधारानें न्यायानें खेळ चालविला असें समजावें. आणि गड्यांनीं चौथीच वाट शोधून काढिली, तर सूत्रधारानें ती हट्टानें बंद करूं नये. आपला बेत मोडला म्हणून रुसणारा सूत्रधार या खेळास योग्य नव्हे.

या खेळांत गणिताचाहि एक सुंदर धडा आहे. वीस बाजूंच्या फांशावर 1 पासून 20 पर्यंत आंकडे असतात. पहारेकऱ्याजवळून आवाज न करितां जाण्यास 6 किंवा त्याहून मोठें दान हवें, असें समजा. वीसांपैकीं पंधरा दानें अनुकूल, म्हणजे यशाचा संभव शेकडा 75. एकट्यास ही गोष्ट सोपी वाटते. परंतु पांचहि जणांस जावयाचें असेल, आणि एकाचा पाय घसरतांच सर्वांचा घात होणार असेल, तर 3/4 हा अपूर्णांक पांच वेळां मांडून गुणाकार करावा लागतो. उत्तर 243/1024, म्हणजे शेकडा सुमारें 24 येतें. चारांत एकदांहि यश नाहीं! प्रत्येक जण कुशल असून सर्व मिळून फसतात, याचें कारण हें आहे. 2014 सालच्या आवृत्तींत यावर एक तोड आहे. सर्वांनीं मिळून करावयाच्या कामांत निदान निम्मे गडी यशस्वी झाले, तर सर्वांस यश द्यावें. कारण जो चपळ आहे तो अडखळणाऱ्यास सांवरून घेतो. पांचांपैकीं तिघे साधले कीं झालें. या नियमानें तोच संभव शेकडा सुमारें 90 वर जातो. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः मांडून पाहावा. जेथें एकाची चूक दुसरा सांवरूं शकतो, तेथें मंडळी तरून जाते; जेथें प्रत्येक पाऊल अचूकच पडावें लागतें, तेथें उत्तम मंडळीहि बुडते. ही गोष्ट खेळापुरतीच खरी आहे असें नाहीं.

चोरीच्या साहसांस एक रोग जडतो, तो म्हणजे अतिविचार. सायंकाळीं खेळावयास बसलेली मंडळी नुसता बेतच करीत राहते. हें झालें तर काय, तें झालें तर काय, असा काथ्याकूट करितां करितां जांभया येऊं लागतात, आणि वाड्याचें दार बंदच राहतें. पुढें प्रत्यक्ष आंत शिरल्यावर पहिल्याच वळणावर न योजिलेला प्रसंग येतो, व दोन तासांचा बेत क्षणांत निरुपयोगी होतो. या रोगावर जॉन हार्पर यांनीं 2017 सालीं प्रसिद्ध झालेल्या 'ब्लेड्स इन द डार्क' या खेळांत चांगला उपाय योजिला आहे. डॉस्कव्होल नांवाच्या एका कल्पित नगरांत, जेथें कायमचा अंधार पसरलेला आहे, एक टोळी असते. तिच्या गड्यांनीं बेताचा केवळ प्रकार निवडावयाचा: बळाचा, सोंगाचा, चोरपावलांचा, गूढविद्येचा, संभाषणाचा कीं वाहतुकीचा. त्यासंबंधीं एकच मुख्य गोष्ट सांगावयाची. उदाहरणार्थ, चोरपावलांनीं जावयाचें तर कोठून शिरणार. इतकें झालें कीं फांसे पडतात आणि गोष्ट एकदम वाड्याच्या आंत सुरू होते.

मग तयारीचें काय? ती मागाहून सांगतां येते. कुत्रा आडवा आला असतां गडी म्हणूं शकतो, "मीं काल स्वयंपाक्यास पैसे देऊन या कुत्र्याशीं ओळख करून ठेविली होती." तो मागील प्रसंग तेवढ्यापुरता खेळून दाखवावयाचा व पुन्हां वर्तमानांत यावयाचें. अर्थात् ही सवलत फुकट नाहीं. तयारी जितकी अवघड, तितका पात्राच्या मनावरील ताण वाढतो, व ताणास मर्यादा असते. शिवाय जें एकदां घडून गेलें तें पुसतां येत नाहीं. कुत्र्यानें चावा घेतला असेल तर त्यानें घेतलाच. सामानाचेंहि तसेंच. निघतांना हलकें, मध्यम कीं जड एवढेंच ठरवावयाचें; पिशवींत दोर आहे कीं कानस, हें गरज पडेल तेव्हां सांगावयाचें. पहाऱ्याचा संशय किती वाढला हें दाखविण्यासाठीं कागदावर वर्तुळ काढून त्याचे चार, सहा किंवा आठ भाग पाडतात. चूक होईल तसे भाग भरत जातात; वर्तुळ भरलें कीं आरोळी उठते.

कोणी म्हणेल, तर मग पूर्वतयारी करूंच नये काय? या युक्तीचा अर्थ तसा नाहीं. येथें पात्रें कसलेलीं आहेत, त्यांनीं तयारी केलीच असणार, असें गृहीत धरिलेलें असतें. आपण मात्र खऱ्या जगांत राहतों. परीक्षेच्या दालनांत बसून "मीं काल अभ्यास केला होता" असें म्हणतां येत नाहीं! तथापि या युक्तींत एक बोध आहेच. तयारी करावी ती वाट माहीत व्हावी म्हणून. प्रत्येक पावलाचें चित्र आधींच रंगवून ठेवण्यासाठीं करूं नये.

शेवटीं विवेकाचा प्रश्न. 2018 सालच्या 'वॉटरडीप : ड्रॅगन हाइस्ट' या साहसांत पांच लक्ष सोन्याचीं नाणीं एका गुप्त कोठारांत दडविलेलीं आहेत, त्या नगरांत नाण्यासच 'ड्रॅगन' म्हणतात. पण तें धन कोणाचें? नगराच्या एका माजी अधिपतीनें अपहार करून दडविलेलें, म्हणजे मूळचें नगरवासीयांचेंच. तें हातीं आल्यावर काय करावें, हा गड्यांपुढील खरा पेच आहे. 2023 सालीं 'कीज फ्रॉम द गोल्डन व्हॉल्ट' या ग्रंथांत अशा चोरीचीं तेरा लहान साहसें एकत्र आलीं. तशीं साहसें खेळतांनाहि हा प्रश्न सोडूं नये: हें कोणासाठीं आणि यांत कोणाचें जाणार?

आपल्या वाङ्मयांत हा प्रश्न पुरातन काळींच विचारला गेला आहे. शूद्रकाचें 'मृच्छकटिक' देवलांच्या संगीत नाटकामुळें मराठी प्रेक्षकांस चांगलें परिचित आहे. त्यांतील शर्विलक भिंतीस भोंक पाडण्यास शास्त्र समजतो. जानव्यानें माप घेतो. आंत कोणी जागें आहे कीं काय हें पाहण्यासाठीं आधीं बाहुला पुढें करितो. दाराची करकर होऊं नये म्हणून पाणी शिंपडतो. आजच्या कोणत्याहि गड्यानें त्याची शिकवणी घ्यावी! त्याचा हेतूहि केवळ लोभाचा नाहीं. दास्यांत असलेल्या मदनिकेस त्यास सोडवावयाचें आहे. परंतु ज्या घरांत तो शिरतो तें दरिद्री चारुदत्ताचें, आणि नेलेले अलंकार चारुदत्ताचे नसून वसंतसेनेनें विश्वासानें ठेविलेले. चारुदत्ताच्या अब्रूवर गदा येते, आणि ती वांचविण्यासाठीं त्याची पत्नी आपली रत्नमाला काढून देते. चोरानें कुलूप, भिंत व दिवा यांचा विचार केला. घरांतील माणसांचा करावयाचा राहिला. शेवटीं मदनिकाच त्यास परतीचा मार्ग सुचविते.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, असा खेळ खेळाल तेव्हां तीन गोष्टी ध्यानांत ठेवा. आपल्यापैकीं जो बुजरा असेल त्यासहि बेतांत काम द्या. बेत लवकर आटपून दार उघडा. पुढचें पुढें सुचेल. आणि नकाशावर तिजोरीची खोली काढाल, तेव्हां त्या घरांत कोण निजतें, हेंहि लिहून ठेवा. पालकांस एवढेंच सांगणें आहे कीं, मुलें कागदावर वाड्याचे नकाशे काढून फांसे टाकतांना दिसलीं, तर त्यांना "काय चोरलें?" असें दरडावून विचारूं नये. शेजारीं बसून "कोणाचें होतें, आणि आतां तें कोणाकडे जाणार?" असें विचारावें. उत्तर देतांना मुलांस जो विचार करावा लागेल, तोच या खेळांतील खरा खजिना होय.