काखमांजरी म्हणून अंगावर काढलेली तेरा वर्षं

सोळाव्या वर्षी डाव्या काखेत पहिली गाठ आली. घरात सगळ्यांनी एकच नाव घेतलं, काखमांजरी. आजीने गव्हाच्या पिठात हळद-तेल घालून पोटीस बांधलं, चार दिवसांत गाठ फुटली आणि आम्ही विसरून गेलो. दोन महिन्यांनी दुसरी आली, मग तिसरी. खरं नाव कळलं तेव्हा मी २९ वर्षांची होते. हिड्राडेनायटिस सपुरेटिव्हा. डॉक्टर थोडक्यात एच. एस. म्हणतात. आज मी ४३ वर्षांची आहे. शिक्षिका आहे, फळ्याच्या वरच्या टोकापर्यंत हात नेऊन लिहिते. मधली काही वर्षं तेही जमत नव्हतं.

१. गळवं अनेक, आजार एकच.

तेरा वर्षं प्रत्येक गाठ मला नवीनच वाटायची. आंबे खाल्ले म्हणून आली, उष्णता झाली म्हणून आली, रक्त बिघडलं म्हणून आली. प्रत्यक्षात केसाच्या मुळाची नळी तोंडाशी बुजते, फुगते आणि कातडीच्या आतच फुटते. मग शरीराची प्रतिकारशक्ती तिथे तुटून पडते. सूज, ठणका, पू हे त्यातून येतं. पुन्हा पुन्हा असं झालं की कातडीखाली एका गाठीपासून दुसरीपर्यंत बोगदे तयार होतात. १८३९ मध्ये वेल्पो या फ्रेंच शल्यविशारदाने या आजाराचं वर्णन केलं. १८५४ मध्ये व्हर्न्यूई यांनी त्याचा संबंध घामाच्या ग्रंथींशी जोडला आणि नावात तो घाम कायमचा राहिला. सुरुवात केसाच्या मुळाशी होते हे पुष्कळ नंतर कळलं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण घाम म्हटलं की पाठोपाठ दुसरा शब्द येतो, आणि त्या शब्दाने माझी उमेदीची वर्षं खाल्ली.

२. हा आजार अस्वच्छतेमुळे होत नाही.

डी.एड.ला वसतिगृहात असताना खोलीतल्या मुलींनी माझी बादली वेगळी ठेवली. घरी एका मावशीने सगळ्यांसमोर विचारलं, ‘नीट आंघोळ करत नाहीस का गं?’ मी दिवसातून तीनदा आंघोळ करायला लागले, जंतुनाशक टाकून, खरखरीत पंच्याने काखा लाल होईपर्यंत घासून. त्या घासण्याने आग आणखी वाढायची. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. कपड्यांतून नाही, बादलीतून नाही, स्पर्शातून नाही. ज्या घरात कुणाला हा त्रास आहे, तिथे हे एक वाक्य तरी सगळ्यांना माहीत असू द्या.

३. नुसती चीर देऊन तो बरा होत नाही.

मी तीनदा चीर देऊन घेतली. पू निघाला की त्या रात्री शांत झोप लागायची, ठणका असह्य असेल तेव्हा ती सुटका मोठीच असते. पण तिन्ही वेळा गाठ त्याच जागी परत आली. पुढे एका बोगद्याचं वरचं कातडं पूर्ण काढून जखम तळापासून भरू दिली. त्या जागी नंतर काही झालेलं नाही.

४. सगळ्या जागा दाखवा.

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. काख दाखवता येते. विसाव्या वर्षापासून जांघेत आणि छातीच्या खालच्या घडीतही गळवं येत होती, ती मी कुणालाच दाखवली नाहीत. आईलाही नाही. त्यामुळे ज्याने त्याने फक्त काख पाहिली आणि साधं गळू म्हणून सोडून दिलं.

२९व्या वर्षी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी काख पाहिली, जवळजवळची दोन काळी टोकं बोटाने दाबून पाहिली आणि विचारलं, ‘ताई, आणखी कुठे येतं?’ मी नाही म्हणाले. त्यांनी माझ्या नवऱ्याला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं, दार लावलं आणि एकेक जागेचं नाव घेऊन विचारलं. जांघेत? छातीखाली? बसायच्या जागी? मी मान हलवत गेले. मग त्यांनी ते तीन प्रश्न सांगितले, ज्यांवरून हा आजार ओळखतात. गाठी कशा आहेत, कुठे आहेत आणि परत परत येतात का. यासाठी रक्ताची खास तपासणी नाही, बायोप्सीही बहुधा लागत नाही. पाहणारा डॉक्टर हवा आणि दाखवणारा रुग्ण हवा. आजाराच्या तीन पायऱ्या मानतात. मी तोवर दुसरीवर पोचले होते. पहिलीवर असतानाच कपडा बाजूला केला असता तर आज इतके व्रण नसते, असं मला मनापासून वाटतं.

५. औषधाला वेळ द्या.

आधी क्लिंडामायसिनचं लोशन, मग डॉक्सिसायक्लिन. तेवढ्याने भागलं नाही, तेव्हा क्लिंडामायसिन आणि रिफाम्पिसिन दोन्ही मिळून दहा आठवडे. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, हे आधी सांगितलेलं असूनही पहिल्या दिवशी मी घाबरले. गावातल्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहून हळूच विचारलं, ‘बाई, टीबी आहे का घरात कुणाला?’ औषध टीबीचंच, काम मात्र इथे वेगळं. पुढे अ‍ॅडालिमुमॅबची इंजेक्शनं घेतली. अमेरिकेत या आजारासाठी त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. ते सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करतातच, कारण दबून बसलेला टीबी त्याने उसळू शकतो. आपल्याकडे ही तपासणी कुणी टाळायला सांगितली तरी टाळू नका. खर्च मोठा आहे, आम्ही कर्ज काढलं.

६. कपडे, वजन, विडी-सिगारेट.

ब्लाउजची मुंड्याची शिवण नेमकी गाठीवर घासायची. माझ्या शिंपीणबाईंनी मुंडा अर्धा इंच सैल केला आणि आतून जुन्या धुवट मलमलीचा पट्टा लावला. इतक्या लहान गोष्टीने शाळेचा दिवस निभावता आला. काखेत वस्तरा फिरवणं बंद केलं. वजन आठ किलोंनी उतरवलं, त्यानंतर गळवं कमी येऊ लागली. धूम्रपानाशी या आजाराचं नातं घट्ट आहे. ओढत असाल तर सोडाच. डॉक्टरांनी साखर आणि पाळीची अनियमितताही तपासली. या गोष्टी बरेचदा सोबत असतात.

७. मनाचंही सांगा.

पू वाहत असताना वर्गात वास येईल या भीतीने मी खिडकीपाशी उभी राहून शिकवत असे. रडू यायचं, झोप जायची. तेही डॉक्टरांना सांगायचं असतं, आणि त्यावरही उपचार आहेत.

आजार गेलेला नाही. वर्षातून दोन-तीनदा डोकं वर काढतो, मग मी वहीत तारीख लिहिते आणि आठवड्याच्या आत डॉक्टरांकडे जाते.

तुम्हाला, तुमच्या मुलीला किंवा मुलाला काखेत, जांघेत, छातीखाली सहा महिन्यांत दोनदा अशी गाठ आली असेल, तर पोटीस बाजूला ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि दाखवाल तेव्हा सगळ्या जागा दाखवा.