कपाळाकडे बघून विचारलं तर काय सांगायचं?

आजचा शास्त्रभाग : १ पेत्र ३:१३-१७



पेत्राचं पहिलं पत्र आपण काही दिवस थोडं थोडं वाचतो आहोत. आजचा भाग तुम्ही मंडळीत खूपदा ऐकला असेल, बहुतेक सुवार्तेच्या सभेच्या आधी. आपल्यात जी आशा आहे तिच्याविषयी कोणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या, असं पेत्र सांगतो. (बायबल उघडून पूर्ण भाग वाचा, मग पुढे या.)

मी हा भाग आज दुकानाच्या गादीवर बसून वाचते आहे, असं समजा. नगरच्या कापड बाजारात एका साडीच्या दुकानात मी नऊ वर्षं काम करते. पदर उलगडायचा, काठ दाखवायचा, घडी घालायची, पुन्हा पुढची साडी. आणि दिवसभर गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकायचं. त्यात देवाधर्माचंही येतं. "तुम्ही कुंकू का नाही लावत?" "तुम्ही लोक आधी कोण होतात?" "देव बदलून काय मिळालं?" कोणी सहज बोलतं, कोणी टोचून, कोणी अगदी मायेने. मॉलमध्ये, पार्लरमध्ये, पेट्रोल पंपावर, दवाखान्याच्या काउंटरवर काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही हे रोजचंच आहे. मंडळीत साक्ष देणं सोपं आहे, तिथे सगळे 'आमेन' म्हणायला बसलेले असतात. दुकानात समोर गिऱ्हाईक, मागे गल्ल्यावर शेठ, आणि आपल्याला उठून जाता येत नाही.

आधी माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय या भागावर लिहायचा मला हक्क नाही.

मागच्या लग्नसराईत एक मावशी आल्या. जुनं गिऱ्हाईक, स्वभाव फार प्रेमळ. साड्या बघता बघता एकदम थांबल्या आणि माझ्या कपाळाकडे बघून हळूच म्हणाल्या, "अगं पोरी, कपाळ मोकळं का? सगळं बरं आहे ना घरी?" त्यांना वाटलं माझा नवरा गेला. आमच्या घरात पणजीपासून कोणी कुंकू लावत नाही. एवढंच सांगायचं होतं. पण दुकान भरलेलं, त्यांच्यासोबत पाच-सहा बायका, बस्त्याची मोठी खरेदी. मी हसून म्हटलं, "घाईत राहिली हो मावशी लावायची."

मावशींनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि स्वतःच्या हाताने माझ्या कपाळावर टिकली लावली. "अशी जाऊ नये गं सवाष्णीने," म्हणाल्या. मी तशीच बसून त्यांना बारा साड्या दाखवल्या. नंतर मागच्या मोरीवर जाऊन टिकली काढली.

नीट समजून घ्या, मला टिकलीचं वाईट वाटलं नाही. ती प्रेमाने लावलेली होती आणि टिकलीने कोणाचा विश्वास जात नाही. वाईट वाटलं ते माझ्या वाक्याचं. कोणी मला धमकावलं नव्हतं. एका म्हातारीने काळजीने विचारलं आणि मी खोटं बोलले.

आता हे पत्र लिहिणारा कोण, ते आठवा. प्रमुख याजकाच्या अंगणात शेकोटीजवळ ऊब घेत असलेला माणूस. त्याला आधी हटकणारा कोणी शिपाई नव्हता, एक दासी होती (मार्क १४:६६-६९). त्याने तीनदा नाकारलं. मत्तय आणखी एक बारीक गोष्ट सांगतो : तिथल्या लोकांनी पेत्राला त्याच्या बोलीवरून ओळखलं. त्याला बोलीवरून, मला कपाळावरून. तोच माणूस पुढे म्हाताऱ्या अनुभवाने लिहितो की उत्तर द्यायला तयार असा. वेळेवर उत्तर न सुचणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हणून त्याचा शब्द मला उपदेशासारखा लागत नाही.

हे पत्र कोणाला लिहिलंय तेही बघा. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया इथे पांगलेल्या, चारचौघांत वेगळ्या पडलेल्या लोकांना. त्यांच्यात घरकाम करणारे चाकरही होते, दुसऱ्या अध्यायात पेत्र त्यांच्याशी थेट बोलतो. (त्या वचनांचा मालकांनी पुष्कळ गैरवापर केलेला आहे. चाकराने मुकाट सोसावं म्हणून ती वापरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.)

तर पेत्र काय म्हणतो? विचारणाऱ्याला उत्तर द्या. मी इतकी वर्षं 'उत्तर द्या' एवढंच ऐकत आले, 'विचारणाऱ्याला' हा शब्द सुटून जायचा. त्यामुळे दोन टोकं व्हायची. एक तर मी गप्प, नाहीतर घरी येऊन मनातल्या मनात त्या बाईला अर्धा तास सुनावते आहे. पण दुकानात जे बोललं जातं त्यातलं बरंचसं विचारणं नसतंच. एक काका साडी बघता बघता म्हणाले, "आमच्या धर्मासारखा धर्म नाही." मी म्हटलं, "काका, हा रंग काकूंना खुलेल." त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. तिथे मी बोलले नाही म्हणून प्रभूला नाकारलं असं होत नाही. हेरोदाने पुष्कळ विचारलं तरी येशू त्याला एक शब्दही बोलला नाही, हे लूक २३:९ मध्ये आहे. पिलाताशी तो बोलला. सगळ्यांना एकच माप त्याने लावलं नाही.

खोचक बोलणं वेगळं. एकदा एका बाईने सगळ्यांसमोर मला विचारलं, "किती पैशांत बाटलात तुम्ही?" कानशिलं तापली. पण पेत्राने वापरलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'मागणं' असाही होतो, असं आमच्या पाळकांनी सांगितलं होतं. म्हणजे प्रेमाने विचारणाराच नव्हे, जाब मागणाराही त्यात येतो. आणि 'उत्तर' यासाठी जो शब्द आहे, 'अपोलोगिया', तो न्यायालयातल्या बचावासाठी वापरत. मग मी एकच वाक्य बोलले : "ताई, माझे पणजोबा ख्रिस्ती झाले, आणि मला पैसे या शेठजींकडून मिळतात, महिन्याच्या महिन्याला." शेठ हसले, दोनचार गिऱ्हाइकं हसली, ती बाईसुद्धा ओशाळून हसली. मी पुढची साडी उलगडली.

एक खरं वाक्य, आणि परत कामाला. मला हे जमायला सात वर्षं लागली. दुसरं वाक्य बोलायला गेलं की त्यात राग येतो, तिसऱ्यात आपण जिंकायला निघतो.

ते एक वाक्य सुचायला मधली जी क्षणभर जागा लागते, ती नहेम्याकडून शिकावी. तो राजाचा प्यालेबरदार होता, म्हणजे आपल्यासारखाच समोरच्याच्या सेवेत उभा असलेला माणूस. राजाने त्याला तोंड का उतरलं असं विचारलं. त्याला भीती वाटली, तो घाबरल्याचं लपवत नाही. राजाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर यांच्यामध्ये त्याने स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली (नहेम्या २:४). हातात प्याला असताना गुडघे टेकता येत नाहीत, तेवढ्यात जेवढी होईल तेवढीच ती प्रार्थना असणार. मी घडी घालता घालता करते. म्हणून मला कोणी असं काही विचारलं की मी आधी साडीची घडी घालायला घेते.

पण कोणी शिवीगाळ करत असेल, अंगावर येत असेल, रोज त्रास देत असेल, तर एका वाक्याचा प्रश्न उरत नाही. शेठला सांगा, मॅनेजरला सांगा, गरज पडली तर त्याच्या वर सांगा. पौल यरुशलेमेत जमावापुढे उत्तर द्यायला उभा राहिला (प्रेषितांची कृत्ये २२:१), आणि त्याच अध्यायात फटके मारायला बांधला तेव्हा त्याने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं. त्यात विश्वासाची काही कमी नव्हती.

आता जे लिहिणार आहे ते आपल्याच लोकांसाठी, आणि काही जणांना आवडणार नाही.

माझ्या शेजारी गादीवर बसणारा सहकारी मुसलमान आहे. गेल्या वर्षी आमच्या मंडळीतल्या एक भगिनी साडी घ्यायला आल्या. मला बघून आनंद झाला, आणि त्या आनंदात त्यांनी त्याला एक पत्रिका दिली आणि दहा मिनिटं सुवार्ता सांगितली. तो मान हलवत राहिला, "जी, जी" म्हणत राहिला. त्या गेल्यावर त्याने पत्रिका नीट घडी करून कॅल्क्युलेटरखाली ठेवली. फेकली नाही. मला म्हणाला, "ताई, वाईट नाही वाटलं. पण मला उठून जाता येत नव्हतं."

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं असतं तर बरं झालं असतं. मीही रिक्षावाल्याला भाड्याबरोबर पत्रिका दिल्या आहेत. हॉटेलात पाणी घेऊन आलेल्या पोराला तो ट्रे हातात घेऊन उभा असताना तारणाबद्दल विचारलं आहे. तो विचारत नव्हता, मी बोलत होते. मावशींनी माझ्या कपाळाला टिकली लावली ती मायेनेच, पण मला मागे सरकता आलं नाही. मी त्या पोराशी यापेक्षा काय वेगळं केलं? आपल्या सेवेला उभा असलेला माणूस आपल्या ताब्यात असतो. पेत्राने सौम्यतेबरोबर आदर हा शब्द घातला आहे. मला वाटतं, समोरच्याला 'नको' म्हणायची वाट मोकळी ठेवणं यात आदर आहे. नामानाच्या घरातली लहान मुलगी आठवते (२ राजे ५:३). युद्धात पकडून आणलेली, मालकिणीच्या हाताखालची. तिने संदेष्ट्याबद्दल एकच वाक्य सांगितलं आणि पुढचं मालकिणीवर सोडलं.

मावशी गेल्या आठवड्यात परत आल्या. धाकट्या लेकीचा बस्ता. त्या गादीवर बसायच्या आधीच मी घडी घालायला घेतली. मग म्हटलं, "मावशी, मागच्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोलले. टिकली राहिली नव्हती. आम्ही ख्रिस्ती आहोत, आमच्या घरी लावत नाहीत. माझे मिस्टर ठणठणीत आहेत."

त्या जरा रागावल्याच. "मग तेव्हाच सांगायचं ना! मी आपली टिकली लावून मोकळी." थोडा वेळ नुसत्या साड्या चाळत राहिल्या. मला वाटलं, आता उठून जातात. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पण मग तुमच्यात सवाष्ण कशी ओळखायची?"

मी पदराखालून मंगळसूत्र काढून दाखवलं. काळे मणी आणि वाट्यांच्या जागी छोटा क्रूस. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला. "सोन्याचा आहे का गं?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. मग त्यांनी क्रूसच का, असं विचारलं, आणि मी दोन-तीन वाक्यांत सांगितलं. शालू काढेपर्यंत तेवढा वेळ होता.

उद्याचे वाचन : १ पेत्र ३:१८-२२