एकाच थंड गाडीत द्राक्षे आणि पपई



उसाच्या पाळीचे पाणी बांधाशेजारच्या हरभऱ्यात सोडले तर काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. पाणी तेच, पाट तोच. ऊस तरारतो आणि हरभरा पिवळा पडून बसतो. माल थंड ठेवून नेणाऱ्या गाडीचेही असेच आहे. आत थंडी एकच सोडलेली असते, पण प्रत्येक मालाला ती मानवेलच असे नाही.

ऊस विकास खात्याने फळांच्या गाडीवर का लिहावे, असे कोणी विचारील. आपल्या कार्यक्षेत्रात ठिबकवर द्राक्ष, डाळिंब, पपई घेणारे अनेकजण उसाचेही सभासद आहेत. एकट्याच्या मालाने गाडी भरत नाही आणि अर्ध्या गाडीला पूर्ण भाडे परवडत नाही. मग दोघे-तिघे मिळून गाडी ठरवतात. विचार चांगला आहे. पण त्यात एक चूक आमच्याच हातून घडली, म्हणून हा लेख.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आमच्या गटातील एका सभासदाची द्राक्षे आणि दुसऱ्याची पपई दिल्लीला एकाच गाडीतून जायची होती. दोघांनी आम्हांला विचारले. आम्ही म्हणालो, "दोन्ही फळेच की! थंडीत घाला, टिकतील." गाडी द्राक्षांसाठी २ अंशांवर लावली. तिसऱ्या रात्री माल पोचला. पपई हिरवीगार, टणक उतरली, सगळे खूश. दोन दिवसांनी व्यापाऱ्याचा फोन आला की पपई पिकतच नाही, सालीवर खड्डे अन् काळे डाग पडलेत, गर पाणचट झालाय. भाड्याचेही पैसे सुटले नाहीत. पपईवाले सभासद आम्हांला एका शब्दानेही बोलले नाहीत. मात्र पुढे उसाच्या नोंदीला त्यांच्या शेतावर गेलो तेव्हा नेहमीसारखे "चहाला थांबा" काही म्हणाले नाहीत.

झाले असे की आम्ही गोठणे आणि थंडी बाधणे यांत गल्लत केली. २ अंशांवर पपई गोठत नाही, हे खरे. पण उष्ण हवेतल्या फळाच्या पेशी गोठण्याच्या कितीतरी आधीच बिघडतात. हा बिघाड गाडीत दिसत नाही. माल उबेला आला की वर येतो. द्राक्ष वेलीवरून काढले की पिकायचे थांबते, त्याला फक्त सुकण्या-सडण्यापासून राखायचे असते. त्यात साखर भरपूर असल्याने ते शून्य अंशालाही गोठत नाही. पपई काढल्यावर पिकते. पिकण्याची ही क्रियाच आपण मारून टाकली.

ढोबळ मानाने लक्षात ठेवा. द्राक्षाला ० ते १ अंश, डाळिंबाला ५ ते ७, ढोबळी मिरची व भेंडीला ७ ते १०. पपई, आंबा, काकडी, वांगी, हिरवे टोमॅटो यांना १० ते १३, आणि केळीला १३-१४. शेजारच्या दोन गटांची सोयरीक एखाद्या रात्रीपुरती जमते. द्राक्ष आणि पपईची दिल्लीपर्यंत जमत नाही. मधला आकडा, म्हणजे ६-७ अंश, लावून दोघांना खूश करायचे हा अनेकांचा आवडता तोडगा आहे. त्यात पपईला थंडी बाधतेच आणि द्राक्षाचे देठ लवकर वाळतात.

मात्र अंतर पाहावे. थंडीची बाधा अंशांवर जशी, तशीच तासांवर अवलंबून असते. आपल्याकडून संध्याकाळी निघून पहाटे वाशीच्या बाजारात उतरणाऱ्या मालाला जी तडजोड चालते, ती तीन दिवसांच्या दिल्लीला चालत नाही. परदेशी द्राक्ष पाठवणाऱ्यांचेच पाहा ना. १९९१ साली राज्यातल्या द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स उभी केली. न्हावाशेव्याहून युरोपला बोटीने काही आठवडे लागतात. त्या कंटेनरात द्राक्षाशेजारी दुसरे फळ कोणी घालत नाही.

नुसत्या अंशांचाही हिशेब नाही. द्राक्षाच्या पेटीत बुरशी येऊ नये म्हणून जो कागद घालतात, त्यातून गंधकाचा वायू सुटतो. तो दुसऱ्या फळा-भाज्यांना डाग पाडतो. पिकणारी पपई, आंबा, केळी इथिलीन वायू सोडतात. त्याने शेजारची काकडी व पालेभाजी पिवळी पडते. कांद्याचा वास द्राक्षाला लागतो, शिवाय कांद्याला कोरडी हवा हवी अन् द्राक्षाला दमट. भूम भागातला खवा तर ४ अंशांखाली आणि फळांपासून दूरच न्यावा; खव्याइतका पटकन वास ओढणारा जिन्नस दुसरा नसेल.

आणखी एक गैरसमज सर्रास आहे. ही गाडी माल थंड करत नाही, थंड केलेला माल थंड राखते. मार्चच्या उन्हात काढलेली पपई तशीच गरम चढवली तर यंत्र रात्रभर झगडते आणि तिच्या उबेने शेजारच्या गार द्राक्षावर दव धरते. दव धरले की कूज आलीच. म्हणून द्राक्षे काढल्यावर चार-सहा तासांत शीतगृहात पूर्वशीतकरणाला लागली पाहिजेत, आणि बाकीचा मालही ज्याच्या त्याच्या अंशांवर आणूनच भरावा. पेट्या छताला टेकवू नयेत. गार हवा पुढच्या यंत्रातून छताखालून मागे जाते आणि मालातून, तळातून फिरून परत येते. वाट बुजली की दाराजवळचा माल गरम, पुढचा गारठलेला.

दोन-तीन कप्प्यांच्या गाड्याही मिळतात. त्यांत मध्ये जाड, हलवता येणारा पडदा असतो आणि प्रत्येक कप्प्याला वेगळा पंखा व वेगळे थंड करणारे कॉइल असते. भाडे जास्त पडते. ठरवताना "पार्टिशन आहे का" एवढेच विचारू नका, "दोन्ही कप्पे वेगवेगळ्या अंशांवर चालतात का" असे विचारा आणि रिकाम्या गाडीत तासभर चालवून बघा. एका कॉइलच्या गाडीत प्लायवूडचे फळकूट ठोकून दोन कप्पे होत नाहीत. मागच्या मालाची हवा तेवढी बंद होते. अशी गाडी मिळत नसेल तर पपईवाल्याने पपईवाला किंवा आंबेवाला जोडीदार शोधावा. गावात नसेल तर शेजारच्या गटात असेल. आमच्याकडे नाव द्या, गाठ घालून देऊ.

गाडीच्या पाटीवर दिसतो तो हवेचा आकडा असतो, फळाचा नव्हे. फळात खुपसायचे दोन थर्मामीटर आम्ही गट कार्यालयात आणून ठेवले आहेत. माल भरण्याच्या आदल्या दिवशी वहीत सही करून न्यावेत आणि गाडी गेल्यावर परत आणून द्यावेत.